आठवा गडी

त्या मुलाकडे माझं लक्ष गेलं ते बायकोमुळे. बास्केटबॉलच्या सामन्यात मला बॉल दिसतो, तिला माणसं दिसतात. दुसरा हाफ निम्मा सरला असेल, तेव्हा ती म्हणाली, “तो पंधरा नंबर बघ. मघापासून तिसऱ्यांदा शर्ट काढतोय आणि परत घालतोय. काय चाललंय त्याचं?”

चाललं होतं ते असं. कोच कोर्टवरची नजर न हलवता हात मागे करायचा, सहायक त्या मुलाच्या खांद्यावर थाप मारायचा. मुलगा ताडकन उठायचा, वॉर्मअपचा शर्ट डोक्यावरून ओढून खुर्चीवर टाकायचा आणि स्कोअररच्या टेबलापुढे जाऊन एका गुडघ्यावर बसायचा. खेळ थांबला, हॉर्न वाजला, पंचानं हातानं बोलावलं, की मगच बदली खेळाडूला आत जाता येतं. आणि खेळ थांबतच नव्हता. बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे. दीड मिनिट गेलं. ज्याच्या जागी हा जाणार होता, त्यानं तेवढ्यात कोपऱ्यातून तीन गुणांचा बास्केट टाकला. झालं. कोचचा हात पुन्हा हलला, या वेळी उलटा. मुलगा उठून खुर्चीशी आला, उलटा झालेला शर्ट सुलटा केला, घातला, बसला. शेजारच्यानं त्याच्या मांडीवर थोपटलं. त्या रात्री तो एक सेकंदही खेळला नाही.

ही गोष्ट अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठातली. मी तिथे शिकायला गेलो आणि मग तिथेच नोकरीला चिकटलो. हिवाळ्यात पाच वाजता अंधार पडतो, बाहेर बर्फ. अशा गावात कॉलेज बास्केटबॉल हा नुसता खेळ राहत नाही. नोव्हेंबर ते मार्च लोक त्यावरच जगतात. आणि दर वर्षी एकच वाद नव्यानं पेटतो: कोचनं किती जणांना खेळवावं? रोटेशन, म्हणजे आलटून-पालटून खेळणाऱ्यांचा गट, सात जणांचं असावं, आठ जणांचं की दहा? ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी, केस कापायला गेलं तर खुर्चीत, सगळीकडे प्रत्येकाचा आकडा ठरलेला. हरलो की कोचनं एकतर फार जणांना खेळवलेलं असतं, नाहीतर फार कमी जणांना. जिंकलो की कोणी मोजत नाही.

मी मोजायला लागलो. एका वहीत प्रत्येक सामन्याच्या बॉक्स स्कोअरमधली, म्हणजे खेळाडूनिहाय आकड्यांच्या तक्त्यातली, मिनिटं उतरवून घ्यायची सवयच लागली. गुण नाहीत, रिबाउंड नाहीत, फक्त मिनिटं. बायको त्या वहीला ‘तुझा किराणा’ म्हणायची.

हिशेब तसा सोपा आहे. सामना ४० मिनिटांचा, २०-२० मिनिटांचे दोन हाफ. कोर्टवर एका वेळी पाच जण. म्हणजे कोचकडे वाटायला २०० मिनिटं. सुरुवात करणाऱ्या पाच जणांना प्रत्येकी ३२ दिली की १६० संपली. उरली ४०. सहाव्याला १८, सातव्याला १४, आठव्याला ८. संपलं. नववा आला तर त्याचं पान मांडायला कोणाच्या तरी ताटातलं उचलावं लागतं. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, सामना ४८ मिनिटांचा असतो, वाटायला २४० मिनिटं मिळतात, तिथे नवव्या-दहाव्याची सोय लागते. कॉलेजात ती जादा ४० मिनिटं नसतातच. दहा जणांना समान वाटणी करायची म्हटली तर प्रत्येकाला २०, आणि मग तुमचा सगळ्यात चांगला पोरगा अर्धा सामना बाकावर टाळ्या वाजवत बसलेला. दिसायला हे फार न्यायाचं. हरायला पुरेसं.

लोकांचा मोठा मुद्दा असतो तो दमणुकीचा. पाच जणांना एवढं पळवलं तर मार्चपर्यंत, म्हणजे मोसमाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत, त्यांचे पाय राहतील का? मलाही आधी तसंच वाटायचं. मग वही घेऊन बसल्यावर कळलं की टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात विश्रांती जागोजागी दडलेली असते. प्रत्येक हाफमध्ये घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली गेलं, की पुढच्या पहिल्या थांब्याला जाहिरातींचा टाइमआउट मिळतो. तो लांबलचक असतो. चतुर कोच काय करतो, तर १७ मिनिटं उरलेली असताना आपल्या मुख्य गार्डला, म्हणजे बॉल सांभाळून खेळ चालवणाऱ्याला, बाहेर काढतो आणि टाइमआउट होऊन गेला की १५ ला परत आत सोडतो. घड्याळावर गेली दोन मिनिटं. त्या मुलानं मात्र टॉवेल डोक्यावर घेऊन, पाणी पीत, चांगली पाच-सहा मिनिटं श्वास घेतलेला असतो. बदली खेळाडूची वहीतली ही दोन मिनिटं अशी असतात. लग्नाच्या गर्दीत कोणी तरी आपली जागा धरून ठेवतं ना, तेवढंच त्याचं काम.

खरा शत्रू दम नव्हे, फाउल. फाउल म्हणजे खेळाडूच्या नावावर लागणारा नियमभंग; पाच झाले की मुलगा त्या सामन्यातून गेला. एनबीएत सहा चालतात, इथे पाचच. त्यामुळे पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की बहुतेक कोच त्याला उचलून बाकावर ठेवतात ते हाफ संपेपर्यंत. मला हे कधीच पटलेलं नाही. फाउल होऊन मिनिटं जातील या भीतीनं मिनिटं आपणच घालवायची, म्हणजे चोर येईल म्हणून आधीच घर रिकामं करून ठेवायचं. पण कोच तसं करतात, आणि त्या वेळी बाकावर कोण आहे याला अर्थ येतो. किती जण आहेत याला नाही. माझ्या वहीत एक मोसम असा आहे की आमच्याकडे खेळण्याजोगे दहा जण होते, त्यातले सहा एकसारख्या उंचीचे, एकसारखे, कडेनं खेळणारे विंग. बास्केटजवळ खेळणारा उंच सेंटर एकच. तो फाउलमध्ये अडकला की त्या दहा जणांचा काडीचा उपयोग नसे. तेव्हापासून कोणी ‘आमचा बेंच खोल आहे’ म्हणालं की मी विचारतो: दुसरा उंच माणूस कोण, आणि बॉल सांभाळणारा दुसरा कोण? ही दोन नावं पटकन आली नाहीत तर बाकीची गर्दी आहे.

फाउल आणि दम दोन्ही एकाच रात्री बघायचे असतील तर मार्च २००९ मधला सिराक्यूज आणि कनेटिकट या विद्यापीठांचा सामना बघावा. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बिग ईस्ट या कॉलेजांच्या गटाची स्पर्धा. ४० मिनिटांत निकाल लागला नाही. मग पाच मिनिटांचा जादा डाव, मग दुसरा, मग तिसरा, असे सहा. सामना ७० मिनिटांचा झाला, मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. आठ जण पाच-पाच फाउल होऊन बाहेर बसले. सिराक्यूजचा पॉइंट गार्ड जॉनी फ्लिन ७० पैकी ६७ मिनिटं खेळला. १२७-११७ नं ते जिंकले, दुसऱ्या दिवशी वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध पुन्हा जादा डावात जिंकले, आणि त्याच्या पुढच्या दिवशी अंतिम सामन्यात लुईव्हिलकडून हरले. सिराक्यूजचे कोच जिम बोहाईम सात जणांच्या पलीकडे सहसा जात नसत. त्या तीन दिवसांकडे बोट दाखवून दोन्ही बाजूचे लोक आपापलं म्हणणं सिद्ध करतात. एकाला ६७ मिनिटं खेळूनही दुसऱ्या दिवशी उभा राहिलेला पोरगा दिसतो, दुसऱ्याला तिसऱ्या दिवशी पाय संपलेला संघ.

उलट्या टोकालाही माणसं आहेत. आर्कान्सॉचे कोच नोलन रिचर्डसन समोरच्या संघावर पूर्ण कोर्टभर ४० मिनिटं दाब ठेवायचे. त्याला नरकातली ४० मिनिटं असंच म्हणत, आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाला हरवून ते विजेते झाले. असा दाब पाच-सहा जणांच्यानं होणारच नाही. तिथे बेंच म्हणजे चैन नव्हे, इंधन. फ्लोरिडा स्टेटचे लेनर्ड हॅमिल्टन दहा-अकरा जणांना नियमानं खेळवायचे. त्यांच्याकडे पॅट्रिक विल्यम्स नावाचा मुलगा २०१९-२० च्या मोसमात एकाही सामन्यात सुरुवातीला उतरला नाही, आणि त्याच वर्षी एनबीएच्या निवडीत चौथ्या क्रमांकावर उचलला गेला. जगातल्या उत्तम तरुणांत चौथा, आणि आपल्या कॉलेजात पहिल्या पाचात नाही! आणि सगळ्यात कहर म्हणजे आयोवातलं छोटं ग्रिनेल कॉलेज. तिथे पाच-पाच जणांच्या तुकड्या मिनिटभराच्या आत बदलायच्या, सुसाट पळायचं, बाहेर यायचं, पुढची तुकडी आत. आईस हॉकीसारखं. सगळ्यांना खेळायला मिळावं अशी ही पद्धत. गंमत बघा, त्याच ग्रिनेलच्या जॅक टेलरनं नोव्हेंबर २०१२ मध्ये एका सामन्यात १०८ वेळा बॉल मारून एकट्यानं १३८ गुण केले. त्या दिवशी तो ३६ मिनिटं आतच होता.

पण या वादात मी ज्या मोसमाकडे सारखा परत जातो तो २०१४-१५ चा. केंटकीकडे तेव्हा इतकी गुणवान मुलं होती की कोच जॉन कॅलिपारी यांनी पाच-पाचच्या दोन तुकड्याच केल्या. एक तुकडी आत, काही मिनिटांनी दुसरी. डिसेंबरमध्ये ॲलेक्स पॉयथ्रेसचा गुडघा गेला आणि तुकड्यांचं ते चोख वेळापत्रक मोडलं, तरी नऊ जण भरपूर खेळत राहिले. कार्ल-अँथनी टाउन्स, जो त्या वर्षी एनबीएच्या निवडीत पहिला गेला, तो तिथे सरासरी २१ मिनिटं खेळायचा. संघ ३८ सामने ओळीनं जिंकला. त्याच मोसमात ड्यूककडे मात्र जानेवारीअखेर एक खेळाडू संघाबाहेर गेल्यावर स्कॉलरशिपवरची आठच मुलं उरली. आठ. सरावात पाच विरुद्ध पाच खेळायचं तरी वॉक-ऑन मुलांना घ्यावं लागे. वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिपविना, हौसेनं संघात असलेली. आपल्या गल्लीतल्या खेळात लिंबूटिंबू असतो ना, तशी. फक्त हा लिंबूटिंबू सहा फूट तीन इंचांचा असतो.

एप्रिलमध्ये दोन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चारांत, इंडियानापोलिसला पोचले. केंटकी विस्कॉन्सिनकडून ६४-७१ नं हरली, मोसमातला पहिला आणि शेवटचा पराभव. दोन दिवसांनी विस्कॉन्सिनची गाठ ड्यूकशी पडली. दुसऱ्या हाफमध्ये ड्यूक नऊ गुणांनी मागे, त्यांचा उंचापुरा जलील ओकाफोर फाउलच्या भीतीनं बाकावर. आत कोण, तर ग्रेसन ॲलन. पहिल्या वर्षाचा, मोसमभर सामन्यामागे जेमतेम नऊ-दहा मिनिटं मिळालेला मुलगा. त्यानं ओळीनं आठ गुण केले. एक बॉल निसटत असताना त्याच्या मागे तो ज्या तऱ्हेनं जमिनीवर झेपावला, ते मला गुणांपेक्षा जास्त आठवतं. ड्यूक ६८-६३ नं जिंकलं, त्यात ॲलनचे १६.

यावरून आठ जणांचा संघ नऊ जणांच्या संघापेक्षा बरा, असं काही सिद्ध होत नाही. केंटकी जास्त माणसांमुळे हरली असं म्हणणाऱ्यानं ३८ विजयांचंही काहीतरी करावं. आणि कमी माणसांत दगाफटका झाला तर काय होतं ते २०२२ मध्ये व्हिलानोव्हानं दाखवलं. जे राइट यांचा तो संघ सहा-सात जणांवर चालायचा. ह्यूस्टनला हरवून अखेरच्या चार संघांत पोचताना, सामन्याचं शेवटचं मिनिट चालू असताना, जस्टिन मूरच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला. पुढच्या शनिवारी कॅन्ससनं त्यांना ८१-६५ नं हरवलं. त्या संघाकडे बघताना मला बाक दिसत होता, आणि बाकावर वाटणीची मिनिटं होती पण घ्यायला माणूस नव्हता.

मग ॲलनमध्ये असं काय पाहिलं मी? एवढंच, की तो आत आला तेव्हा बिचकला नाही. आठच जण असल्यावर आठव्याला ठाऊक असतं की आपली पाळी येणार. आज नाही तर परवा, पण येणार. नऊ-दहा मिनिटं का होईना, ती त्याची असतात. दहा-अकरा जणांच्या बाकावरच्या नवव्याला हे ठाऊक नसतं. तो आत जातो तो परीक्षा द्यायला. पहिला बॉल चुकला की नजर आधी बास्केटकडे नाही, कोचकडे जाते. ही नजर एकदा ओळखीची झाली की तुम्हाला वरच्या रांगेतूनसुद्धा दिसते. मान अर्धी वळते, डोळे कडेला जातात, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात त्याचा माणूस त्याच्या मागून निघून जातो.

नॉर्थ कॅरोलिनाचे कोच डीन स्मिथ यांची एक पद्धत होती. दमलेल्या खेळाडूनं स्वतःच मूठ वर करायची, की त्याला बाहेर घेतलं जाई. आणि अशा प्रकारे बाहेर आलेल्यानं दम भरला की स्वतःच सांगून परत आत जायचं. वर्षानुवर्षं मला ही मूठ म्हणजे दमणुकीचा उपाय वाटत होती. आता वाटतं, त्यातला दुसरा अर्धा भाग जास्त मोलाचा होता, तो म्हणजे परत जाणं. परत येता येईल याची खात्री नसेल तर एकोणीस वर्षांचा कुठला पोरगा मूठ वर करेल? तो फुटलेल्या छातीनं पळत राहील, पण दाखवणार नाही.

म्हणून माझा आकडा आठ. ऑफिसात मी साडेसात म्हणतो, कारण आठवा बहुतेक वेळा अर्धाच असतो, आणि मग कोणी तरी मराठी मित्र साडेसातीवर विनोद करतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुबळ्या संघांशी सामने असतात तेव्हा दहा-अकरा जणांना खेळवावं, बघावं. जानेवारीत कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी, सामने सुरू झाले की आकडा ठरवून टाकावा, आणि तो मुलांना सांगावा. सांगावा हे महत्त्वाचं. नवव्याला नाही म्हणणं कोचला जड जातं म्हणून तो त्याला अधूनमधून दोन मिनिटं देत राहतो. त्या दोन मिनिटांत मुलगा ना खेळत, ना सुटत.

पंधरा नंबरची पानं माझ्या वहीत आहेत. (नंबर पंधरा, कारण तेव्हा कॉलेजात सहा ते नऊ हे अंक असलेले नंबर चालत नसत, पंचाला बोटांनी खूण करून स्कोअररला नंबर सांगता यावा म्हणून एका हाताची पाच बोटं पुरतील एवढेच अंक. २०२३ पासून ती अट गेली.) नोव्हेंबरात त्याची मिनिटं ११, १४, ९. डिसेंबरात ६, १२, ४. जानेवारीत ०, ३, ०, ०, २, ७, ०. ते सात मिनिटांचं पान मला आठवतं. आमचे दोन गार्ड फाउलमध्ये अडकले होते. त्यानं दोन बॉल मारले, एक गेला, एक बॉल हिसकावला. बायको उभी राहून ओरडली होती. पुढच्या सामन्यात शून्य. फेब्रुवारीत ती म्हणाली, “त्याला निदान सांगा तरी, की बाबा, शर्ट काढू नकोस.” मी तिला समजावत होतो की कोचलाही त्या क्षणापर्यंत माहीत नसतं, सामना वळतो तसं ठरतं. “हो,” ती म्हणाली, “पण शर्ट याचा उतरतो.”

मोसम संपल्यावर आठवड्याभरात त्याचं नाव ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, दिसलं. पूर्वी कॉलेज बदललं की बहुतेकांना एक वर्ष बसून राहावं लागायचं, त्यामुळे बाकावरची मुलं दात-ओठ खाऊन थांबायची. २०२१ मध्ये पहिल्या बदलासाठी ती अट गेली, पुढे २०२४ मध्ये जवळजवळ सगळीच. आता कोच नवव्याला, दहाव्याला ‘पुढच्या वर्षी तुझा नंबर’ असं सांगतो तेव्हा दोघांनाही माहीत असतं की पुढचं वर्ष दुसऱ्याच गावात असू शकतं. खोल बाक बांधणं त्यामुळे अधिकच अवघड झालंय. माणसं मिळतात, मुरत नाहीत. लोणच्याच्या फोडी रोज बरणीतून काढून बघितल्या तर दुसरं काय होणार?

आमच्या कोचला नंतर खूप शिव्या बसल्या. मार्चमध्ये आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, शेवटच्या चार मिनिटांत सगळ्यांचे बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येत होते. पाय संपले की तसं होतं, बॉल आखूड पडतो. ऑफिसात दोन दिवस सगळे म्हणत होते, पंधरा नंबरला खेळवायला हवं होतं. जानेवारीत यातला एकही जण म्हणत नव्हता. मीही नाही. माझा आकडा आठ होता, आणि तो नववा होता.

पुढच्या हिवाळ्यात एका रात्री तो मला लॅपटॉपवर सापडला. छोटं कॉलेज, छोटं जिम, कॅमेरा एकच आणि तोही हलणारा. नंबर तोच. सुरुवातीच्या पाचात होता, बॉल त्याच्याच हातात, मधूनमधून इतरांना बोटं दाखवून जागा सांगत होता. दुसऱ्या हाफमध्ये नऊ मिनिटं उरली तोवर तो एकदाही बाहेर आलेला नव्हता. मी वही शोधत होतो. त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. रेषेवर उभा राहून त्यानं चड्डीच्या कडा मुठीत धरल्या, वाकला, दोन श्वास घेतले. पहिला आखूड. दुसराही आखूड, पुढच्या कडेला लागून परत.

“अरे, बाहेर काढा त्याला दोन मिनिटं!” मी ओरडलो.

आतल्या खोलीतून बायको आली. “कोणाला?”

“पंधरा नंबरला. आपल्या पंधरा नंबरला.”

ती खुर्ची ओढून शेजारी बसली, डोळे बारीक करून बघायला लागली.

“गप बस,” ती म्हणाली. “आत्ता कुठे मिळालंय त्याला खेळायला.”